सड्यावर चिऱ्यांची खाण: काढायची कशी आणि संपल्यावर बुजवायची कशी? सल्ला हवाय

पेडण्याचा_बाबू
मंडळी, गोव्यात पेडणे तालुक्यात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, आमची वडिलोपार्जित जमीन आहे, एक हेक्टरला थोडी कमी, बहुतेक सगळा कातळ. एक कंत्राटदार चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) काढायला मागतोय आणि भाऊ तयार आहेत. पण खालच्या उताराला आमची झरी आहे आणि तिच्या पाण्यावर कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. तर खाण कुठून सुरू करावी, किती खोल जावं आणि नंतर त्या खड्ड्याचं काय करावं? नकाशा, कुंपण, माती परत घालणं असं सगळं धरून चार लाख आहेत. त्यावर एक पैसा नाही.

माड_आणि_मासे
बुजवतोस कशाला, पावसात आपोआप भरते, मासे सोड! आमच्या मावसभावाने केलंय, खाली जाड प्लास्टिक, हवा मारायचं मशीन, वर शेड, चौदा-पंधरा लाख गेले पण रविवारी लोक गळ घेऊन येतात, बसायला जागा नसते.

डिचोलीकर
चार लाख लिहिलंय त्याने, वाच की जरा. आणि उघड्या खाणीत पाणी साचलं की पोरं पोहायला उतरतात, बुडाल्याच्या बातम्या वाचत नाहीस काय?

कागदवाला
आधी कागद. एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या कागदावर, कोणाकोणाची नावं आहेत, कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण आहे काय ते बघ. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड, त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे भावांच्या बायकांच्याही सह्या घेऊन ठेव. सर्व्हे नंबर खाजगी वनात येतो का तेही तपास, सावंत आणि करापूरकर समित्यांनी बरीच जमीन त्यात घेतली आहे. चिरा गौण खनिज, म्हणजे खाण खात्याची परवानगी आणि रॉयल्टी दोन्ही लागतात. शिवाय 2012 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पाच हेक्टरखालच्या लीजलाही पर्यावरण परवाना लागतो. कंत्राटदार म्हणेल "सगळे तसेच काढतात". धाड पडली की नोटीस तुझ्या नावाने येते.

सडा_वाचवा
चिरे काढूच नका. पावसाळ्यात सड्यावर जी फुलं येतात ती परत लावता येत नाहीत.

डिचोलीकर
मोपाचा अख्खा सडा विमानतळाला गेला तेव्हा कुठे होता?

सडा_वाचवा
तिथेच होतो, मोर्चात. तू कुठे होतास?

टिप्परवाला_नाना
भांडा रे तुम्ही. बाबू, सगळा कातळ एकदम उघडायचा नाही. पट्टे पाड. वरची माती वीतभरच असेल, पण ती खरवडून बाजूला बांध घालून ठेव, टिप्परवाल्याला भरावाला द्यायची नाही, तेवढीच आहे ती. पहिला पट्टा काढून झाला की दुसऱ्याचे फुटके तुकडे आणि कटरचा भुसा पहिल्यात टाकायचा, वरून माती. पट्ट्यामागे पट्टा बुजत गेला की शेवटी माती आणायला वेगळा खर्च उरत नाही. कडा सरळ भिंतीसारख्या सोडू नको. 1961 च्या खाण नियमांत मुरूम-मातीला 45 अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही, नाहीतर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या घालायच्या. चिरा घट्ट असतो हे खरं, पण वरचा थर पावसात सुटतो. आणि काम मे संपायच्या आत बंद.

कुळागरची_बाय
झरीचं कोणी बोलेना म्हणून लिहिते. चिरा भोकाभोकांचा असतो, पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं आणि खालच्या पांढरट-पिवळ्या चिकट मातीवर अडून उताराला बाहेर येतं, तीच तुमची झरी. खणताना ती माती दिसायच्या आधी थांबा, वर चांगला जाड चिरा शिल्लक ठेवा आणि झरीच्या बाजूचा पट्टा उघडूच नका. आमच्या शेजारच्याने माती लागेपर्यंत खणलं, मग खड्डा हॉटेलांच्या कचऱ्याने आणि इमारतींच्या डेब्रिसने भरला. आता आमच्या बावीच्या पाण्याला वास येतो. भरावाला बाहेरचा एकही टिप्पर आत घेऊ नका.

माड_आणि_मासे
पाणी मुरू नये म्हणूनच प्लास्टिक घालायचं, मी तेच सांगतोय.

काजू_फेणी
बुजवून काजूची कलमं लाव, कातळावर काजूच येतो, आमच्याकडची फेणी प्यायला ये एकदा. आकेशिया मात्र नको, लोहखनिजाच्या डंपांवर लावलाय बघ, खाली गवताची काडी येत नाही.

टिप्परवाला_नाना
पट्टे पाड, हेच मीपण सांगितलं.

काजू_फेणी
मी काजूचं बोलतोय, नाना.

पेडण्याचा_बाबू
सगळ्यांचे आभार. झरीकडचा अर्धा भाग उघडायचा नाही हे कालच भावांना सांगितलं, धाकटा रागावलाय. उरलेल्याचे तीन पट्टे. परवाना हातात आल्याशिवाय कटर लावू देणार नाही आणि पहिला पट्टा बुजून माती पडल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हे कंत्राटदाराकडून लिहून घेतोय, त्याचं डिपॉझिट माझ्याकडे राहील. तो कुरकुरतोय, बघू. मासे नाहीत, काजूपण नाही. माती टाकून गवत येऊ देणार, गुरांना चरायला जागा उरलेली नाही गावात. काटेरी तारेचा भाव कोणी सांगेल काय? म्हापशात विचारला तो परवडण्यासारखा नाही.

डिचोलीकर
बांद्याला जा, स्वस्त मिळते.

काजू_फेणी
बांद्याला गंजकी देतात. आणि गवतापेक्षा काजू बरा, परत सांगतो.