मदत हवी आहे: तीन काउंट्यांत विखुरलेली पाच गावं आणि हरवलेले नोकरचाकर

नमस्कार मंडळी,

मी गेली पाच वर्षं इंग्लंडात मोरटन-इन-मार्शला राहते. इथून जवळ इव्हनलोड, ॲडलस्ट्रॉप, डेल्सफर्ड, किंगम आणि चर्चिल ही पाच छोटी गावं आहेत, चालायची सवय असेल तर एका दिवसात पाचही होतात. आमच्या शेजारच्या आजी कित्येक वर्षं या गावांतल्या शेतमजूर, मोलकरणी, सुतार, गवंडी अशा घराण्यांच्या याद्या करतायत, कोण कुठून आलं, कुणाची सोयरीक कुठे झाली वगैरे. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी मदतीला गेले आणि आता ते काम माझंच होऊन बसलंय.

डेल्सफर्ड म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचं गाव. आपल्याला सालबाईच्या तहात (१७८२) भेटतो तोच. जन्म १७३२ चा, शेजारच्या चर्चिलमधला. घराण्याची डेल्सफर्डची जमीन त्याच्या जन्माआधीच विकली गेली होती, ती त्याने १७८८ मध्ये परत घेतली आणि त्याच वर्षी तिकडे लंडनला त्याच्यावर महाभियोगाचा खटला उभा राहिला, जो १७९५ पर्यंत चालला. वारला १८१८ मध्ये, म्हणजे आपली पेशवाई बुडाली त्याच वर्षी. थडगं तिथल्याच चर्चच्या आवारात आहे. पण त्याच्यावर लिहिलेलं ढीगभर मिळतं, मला तो नकोय. मला हवेत ते त्याचं घर बांधायला राबलेले, बाग राखणारे, भांडी घासणारे लोक, आणि त्यात कुणी आपल्या देशातून आलेलं होतं का ते.

अडचण अशी की ही गावं एकमेकांना लागून असली तरी कागद एका जागी नाहीत, कारण ती वेगवेगळ्या काउंट्यांत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या) मोडतात. ॲडलस्ट्रॉप ग्लॉस्टरशरमध्ये, किंगम आणि चर्चिल ऑक्सफर्डशरमध्ये, आणि डेल्सफर्ड-इव्हनलोड १९३१ पर्यंत चक्क वुस्टरशरमध्ये! वुस्टरच्या बिशपच्या जुन्या जमिनी म्हणून ते तुकडे दुसऱ्या काउंटीच्या पोटात तसेच राहून गेले. मला हे माहीत नव्हतं, आजचा नकाशा बघून मी एका अभिलेखागारात सुट्टीचा अख्खा दिवस घालवला, आणि संध्याकाळी कळलं की मला हवं ते दुसऱ्याच शहरात आहे. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

याच भानगडीमुळे १८४१ ची जनगणना पण फसवते. त्यात जन्मगाव लिहीत नाहीत, फक्त याच काउंटीत जन्म झाला का, हो की नाही एवढंच. म्हणजे किंगममध्ये जन्मलेली पोरगी डेल्सफर्डला कामाला असली तर तिच्यापुढे ‘नाही’, आणि आपल्याला वाटतं ही कुठून लांबून आली. वर पंधराच्या पुढची वयं बहुतेक पाचच्या पटीत खाली ओढलेली. १८५१ मध्ये जन्मगाव येतं पण तोवर माझे निम्मे लोक गेलेले असतात.

चर्चची रजिस्टरं १८१३ पासून बरी आहेत, छापील रकाने आहेत, बाप्तिस्म्याला बापाचा धंदा लिहिलेला असतो. त्याआधी पाद्र्याच्या मनावर. १७५२ च्या आधी तर वर्षच २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७४० दिसलं की ते आपलं १७४१ धरायचं. माझे आजोबा मोडी वाचायचे, शुहूर सन आणि फसली सन या जुन्या कालगणनांचा मेळ घालताना त्यांची जी दमछाक व्हायची ती मला आता कळतेय.

आता खरा प्रश्न. कंपनीचे साहेब परत येताना आया, नोकर घेऊन यायचे हे माहीत आहे, आणि त्यांना परत पाठवायची हमी म्हणून कंपनीकडे जामीन ठेवावा लागायचा हेही वाचलंय. ते कागद ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या) दप्तरात नेमके कुठल्या मालिकेत शोधायचे? कुणी हाताळलेत का? कारण इथे बाप्तिस्मा झाला की नाव थॉमस नाहीतर मेरी होऊन जातं, मग रजिस्टरात तो माणूस ओळखायचा कशावरून?

दुसरं, गरिबांच्या ‘सेटलमेंट’च्या जबान्या. कुणी मदत मागितली की न्यायाधीश त्याला विचारायचे जन्म कुठला, चाकरी कुठे केली, म्हणजे कुठल्या पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाने) पोसायचं ते ठरायचं. एका मजुराचं अख्खं आयुष्य अर्ध्या पानात मिळतं त्यात! वुस्टरशरच्या छोट्या पॅरिशांच्या अशा जबान्या कुणी पाहिल्यात का, की बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या रजिस्टरच्या नकलांपासूनच सुरुवात करू?

पुढच्या गुरुवारी मी वुस्टरला जातेय, एकच दिवस रजा मिळालीय. त्याआधी कुणी सांगितलं की आधी कुठली पेटी मागवायची, तर फार उपकार होतील. आजींना मी संध्याकाळी सगळे प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.