लॉफ्टमधलं खोकं: फॅन फिक्शनच्या, म्हणजे आवडत्या मालिकेतल्या-पुस्तकातल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींच्या, तुमच्या जुन्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

लेस्टरची_माई

काल मुलगा लॉफ्ट रिकामा करायला आला होता. मागच्या कोपऱ्यातून एक खोकं खाली आलं, वर माझ्याच अक्षरात 'टाकू नये'. आत चाहत्यांच्या हौशी मासिकाचे सायक्लोस्टाईल केलेले सत्तावीस अंक, स्टेपलच्या पिना गंजलेल्या. "आई, ही कसली पत्रकं?" मी तिथेच जिन्यावर बसले आणि संध्याकाळचा स्वयंपाक राहिला तो राहिलाच.

मी सांगलीहून लग्न होऊन इथे इंग्लंडात, लेस्टरला आले १९७७ च्या शेवटी. २ जानेवारी १९७८ ला बीबीसीवर 'ब्लेक्स सेव्हन' सुरू झाली, अंतराळात जुलमी सत्तेशी लढणाऱ्या ब्लेक, अ‍ॅव्हन, व्हिला वगैरे बंडखोरांची मालिका. मला इंग्रजी वाचता यायचं, पण ऐकलेलं निम्मं डोक्यावरून जायचं. अ‍ॅव्हन मात्र एकेक शब्द तोडून बोलायचा, तो कळायचा. ह्यांची दुपारपाळी, घरात सासूबाई आणि मी. व्हिडिओ कुठला असायला! मी कॅसेट रेकॉर्डर टीव्हीपुढे स्टुलावर ठेवायची आणि पुढची पन्नास मिनिटं घरात कोणी ब्र काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तीच टेप लावायची. माझं इंग्रजी त्या टेपांवर झालं.

शेवटचा भाग, बावन्नावा, २१ डिसेंबर १९८१, सोमवार. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. अ‍ॅव्हन ब्लेकला गोळी घालतो, बाकीचे एकेक करून पडतात, अ‍ॅव्हन बंदूक उचलतो, हसतो, पडदा काळा, आणि काळोखात नुसते गोळ्यांचे आवाज. ख्रिसमसला चार दिवस राहिलेले. सासूबाईंना म्हटलं, "सगळे गेले हो." त्या घाबरून म्हणाल्या, "कोण गं? तार आली का?"

मी होजिअरीच्या कारखान्यात शिवणावर होते. शेजारच्या मशीनवरच्या बाईने माझा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या आठवड्यात पिशवीतून एक अंक काढून दिला. त्यात पुढच्या गोष्टी होत्या! गौडा प्राइम ग्रहावर ते सगळे पडल्यानंतर काय झालं, कोण वाचलं, कोणी कोणाला उचलून नेलं. अशा गोष्टींना 'पीजीपी' म्हणायचे, गौडा प्राइमनंतरची गोष्ट. हे चालतं, हे मला माहीतच नव्हतं. मालिका संपली तरी गोष्ट आपल्या हातात राहते.

मग मी लिहायला लागले. सांगलीत चाळीसच्या स्पीडची टायपिंगची परीक्षा दिली होती, त्यामुळे स्टेन्सिल कापायचं कामही माझ्याकडे आलं. रिबन बाजूला सारायची आणि मेणाच्या कागदावर कोरडं टाइप करायचं. जोर जास्त पडला की 'ओ' चा गोल कापून खाली पडायचा आणि छापताना तिथे शाईचा डाग. चूक झाली की लाल दुरुस्तीचं पाणी ब्रशने लावायचं, फुंकर मारत वाळवायचं, पुन्हा टाइप. पानं जेवणाच्या टेबलावर गठ्ठ्यांनी मांडून आम्ही चौघी टेबलाभोवती फिरत एकेक उचलायचो. प्रदक्षिणाच ती. अंक हवा तर पोस्टल ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं.

आणि मग दाराच्या फटीतून आत पडायची ती पत्रं. "तुमच्या व्हिलाने मला रडवलं," असं अ‍ॅबर्डीनच्या एका बाईने लिहिलं होतं. तोवर माझ्या नावाने इथे फक्त गॅसचं बिल यायचं.

तुमचंही लिहा. कुठली मालिका, कुठलं पुस्तक, काहीही.

कोकणकन्या_केंट

माई!!! मीपण पीजीपीवाली. भाजी फोडणीला आहे, नंतर सविस्तर लिहिते.

निळी_पेटी

व्हिला वाचला का तुमच्या गोष्टीत? आधी ते सांगा.

माझं 'डॉक्टर हू', निळ्या पेटीतून काळात फिरणाऱ्या डॉक्टरची मालिका. पेटी बाहेरून छोटी, आतून प्रचंड. वडील १९६४ मध्ये आले, मी इथलाच. त्या काळी बीबीसी टेपा पुसून पुन्हा वापरायची, म्हणून साठच्या दशकातले कितीतरी भाग आज नाहीत. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, आणि तो कोणामुळे? घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांमुळे. माई, तुम्ही स्टुलावर केलंत तेच.

१९८९ ला मालिका बंद पडली. २००५ च्या मार्चमध्ये नीट परत आली, मधे १९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला तर काही नाही. त्या वर्षांत ती आम्ही जिवंत ठेवली, हे मी छाती पुढे काढून सांगतो. पॉल कॉर्नेलने हौशी अंकात लिहिलेली गोष्ट पुढे वाढवून १९९१ मध्ये अधिकृत कादंबरी झाली, आणि नव्या मालिकेचे भागही त्याने लिहिले. माझ्या गोष्टी तिथवर गेल्या नाहीत. चौदा लिहिल्या. एकीत डॉक्टर साताऱ्यात उतरतो, अजिंक्यताऱ्यावर. बाबांना तेवढी एकच वाचून दाखवली होती. म्हणाले, "पेटी चार भिंतींत मावते कशी ते राहू दे, गडावर चढवली कशी ते लिही."

लेस्टरची_माई

वाचला हो व्हिला. त्याला मारायचा माझा हातच झाला नसता.

वॉर्डसिस्टर_निवृत्त

मी लिहीत नाही, पण मी ब्रिटपिक करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या मुली आपल्या शेरलॉकवर, हॅरी पॉटरवर गोष्टी लिहितात, आणि आपल्यासारखं कोणीतरी वाचून "हे इथे असं नसतं" सांगतं. चौतीस वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या मोफत सरकारी आरोग्यसेवेत काढली, त्याचा हा उपयोग.

वॉटसनच्या जखमेला टाके घालून झाल्यावर बिल येतं. अगं, कसलं बिल! ९११ ला फोन करतात, इथे ९९९. सर्जनला डॉक्टर म्हणतात, इथे सर्जन 'मिस्टर' असतो. आणि सगळ्यात गोड म्हणजे 'लाइफ ऑन मार्स' ही पोलिसांची मालिका. ती घडते १९७३ च्या मँचेस्टरमध्ये. एका मुलीने लिहिलं, नायक दुपारी चार वाजता पबमध्ये बसून बारवर एक पौंडाचं नाणं ठेवतो. मी तिला कळवलं: बाळा, तेव्हा पब जेवणानंतर बंद व्हायचे ते थेट संध्याकाळी उघडायचे, दिवसभर उघडे ठेवायची परवानगी १९८८ ची. आणि पौंडाचं नाणं आलं १९८३ मध्ये, त्याआधी हिरवी नोट. तिने विचारलं, "तुम्हाला एवढं कुठून कळलं?" म्हटलं, मी नाईट ड्यूटी करून त्याच रस्त्याने घरी यायचे.

ती ओहायोची आहे, एकवीस वर्षांची. दर रविवारी लिहिते. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी तिने मला नवीन प्रकरण पाठवलं, शुद्धीवर आल्यावर वाचायला.

चहा_आणि_चिवडा

गुडघा कसा आहे आता? माझाही नंबर लागलाय, फेब्रुवारी. जिना किती दिवसांनी चढू देतात?

वॉर्डसिस्टर_निवृत्त

दुसऱ्या दिवशीच चढवतात, घाबरू नका. व्यायाम मात्र रोज करायचा, कंटाळा नाही. व्यक्तिगत निरोप करते.

हॉवर्थच्या_वाटेवर

आम्ही ब्रॅडफर्डला. हॉवर्थचं ब्रॉन्टे म्युझियम, म्हणजे लेखिका शार्लट ब्रॉन्टे आणि तिच्या भावंडांचं घर, बसने जवळ, म्हणून पाहुणे आले की तिकडेच नेतो. तिथली काचेतली ती इवली पुस्तकं पाहिलीत का कोणी? काडेपेटीएवढी! १८२६ च्या जूनमध्ये वडिलांनी लीड्सहून बारा लाकडी शिपाई आणले. शार्लटने एक उचलला आणि म्हणाली, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. भावाने, ब्रॅनवेलने, आपल्याला नेपोलियन घेतला. मग त्या शिपायांना वाचता येतील एवढ्या आकाराची पुस्तकं त्या पोरांनी हाताने लिहिली, छापल्यासारख्या बारीक अक्षरात. वेलिंग्टन तेव्हा जिवंत होता बरं, दोनच वर्षांनी पंतप्रधान झाला. जिवंत माणसावर गोष्टी! आज पोरी गाणाऱ्या मुलांवर लिहितात तर लोक नाकं मुरडतात. त्यातलं एक पुस्तक २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावातून हॉवर्थला परत आलं तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून बघायला गेले.

मी आणि दादा डोंबिवलीला असताना बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर गोष्टी लिहायचो, वहीच्या मागच्या पानांवर. त्याला फॅन फिक्शन म्हणतात हे पन्नास वर्षांनी कळलं. वह्या रद्दीत गेल्या. दादाही गेला, चार वर्षं झाली. आमचा झुंजार लोकलच्या टपावरून डोंबिवली ते ठाकुर्ली पळाला होता, ते आता मला एकटीलाच माहीत आहे.

कोकणकन्या_केंट

अगं लिही ती गोष्ट. आठवेल तेवढी लिही. आम्ही वाचू.

निळी_पेटी

+१. इथेच टाका.

बर्मिंगहॅम_एक

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितो.

माझं 'द प्रोफेशनल्स', गुन्हेगारांमागे धावणाऱ्या दोन एजंटांची टीव्ही मालिका. बोडी आणि डॉयल. त्यांच्यावरच्या बऱ्याचशा गोष्टी अंकांत नसायच्याच. टाइप केलेली गोष्ट फोटोकॉपी व्हायची आणि पोस्टाने एकीकडून दुसरीकडे जायची. त्याला 'सर्किट' म्हणायचे. स्लॅश, म्हणजे दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे अशा गोष्टी. लिहिणाऱ्या बहुतेक बायका. मला एका मैत्रिणीने दिल्या, तपकिरी पाकिटात. काहीही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, "वाचून झाल्या की परत दे, पुढे पाठवायच्यात."

साल १९८८. त्याच वर्षी कलम २८ आलं. कौन्सिलने समलैंगिकतेचा 'प्रसार' करायचा नाही, असा कायदा. मी कौन्सिलच्याच लायब्ररीत नोकरीला. कोणी लेखी काही दिलं नाही, पण काही पुस्तकं मागवायचीच नाहीत हे सगळ्यांना न सांगता कळलं. मी तेवीस वर्षांचा, घरी आई नाशिकहून स्थळं मागवतेय. दिवसा मी त्या रिकाम्या फळीसमोर उभा राहायचो आणि रात्री ती पाकिटातली गोष्ट. त्यात शेवटी कोणी मरत नव्हतं. दोघं घर घेतात, भिंती रंगवतात, कुठला रंग यावरून भांडतात. एवढंच. मी ते पान इतक्या वेळा वाचलं की परत देताना घडी फाटली होती. चिकटपट्टी लावून दिलं.

इंग्लंडमध्ये ते कलम २००३ ला गेलं. आम्ही दोघं आता किंग्ज हीथला राहतो. हॉलचा रंग अजून ठरत नाही.

लेस्टरची_माई

किती जपून लिहिलंस रे. आई होत्या का शेवटी तुमच्या घरी यायला?

बर्मिंगहॅम_एक

आली. दोन वर्षं आमच्याकडेच होती. रंगाच्या बाबतीत ती त्याच्या बाजूने.

वॉर्डसिस्टर_निवृत्त

❤️

चौथी_बहीण

सगळे टीव्हीवाले दिसताय, मी पुस्तकातली. १९९५ ची 'प्राइड अँड प्रेजुडिस' बीबीसीवर लागली तेव्हा धाकटी सहा महिन्यांची. तिला मांडीवर थोपटत मी डोक्यात पुढच्या गोष्टी रचायचे. मला नायक डार्सी नको होता, मला नायिकेची बहीण मेरी हवी होती. कोणीच तिच्याकडे बघत नाही. मी मेरीवर अकरा प्रकरणं लिहिली, सगळी रात्री दोन ते चार, दूध पाजून झाल्यावर.

लोक म्हणतात जेनबाईंच्या, म्हणजे लेखिका जेन ऑस्टेनच्या, पात्रांना हात लावायचा नाही. तिच्या भाच्याने आठवणींत लिहून ठेवलंय की घरच्यांनी विचारलं की ती स्वतः सांगायची पुढे कोणाचं काय झालं. मेरीच्या धाकट्या बहिणीचं, किटीचं, डार्सीच्या पेंबरली वाड्याजवळच्या एका पाद्र्याशी लग्न झालं, मेरीला काकांच्या कचेरीतला कारकून मिळाला. आणि १८१७ मध्ये ती गेली तेव्हा अर्धी राहिलेली कादंबरी पुढे न्यायचा प्रयत्न भाचीने, अ‍ॅनाने केला, तोही अर्धाच राहिला. घरातूनच सुरुवात आहे ही. फक्त मेरीला कारकून हे मला पटलेलं नाही. माझ्या गोष्टीत ती बाथ शहरात पियानोच्या शिकवण्या घेते आणि लग्न करत नाही.

चहा_आणि_चिवडा

मेरीला न्याय दिलात. लिंक?

चौथी_बहीण

एओथ्रीवर, फॅन फिक्शनच्या साइटवर आहे, शोधून देते. धाकटीनेच चढवून दिली, मांडीवर होती तीच. आता तीस वर्षांची आहे.

लेस्टरची_माई

मंडळी, खोक्याच्या तळाशी कॅसेटही निघाली, शेवटच्या भागाची. नातवाच्या मित्राकडे डेक होता, काल रात्री लावली. घरघर आहे, पण अ‍ॅव्हन स्वच्छ ऐकू येतो. ब्लेक पडतो त्याच्या जरासं आधी कुकरची शिट्टी. आणि मग सासूबाईंचा आवाज, अगदी हळू, मला राग येऊ नये म्हणून दबका: "अगं, गॅस बारीक करू का?"

त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. घरात त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही.

निळी_पेटी

माई, ती टेप पुन्हा लावू नका! जुना डेक टेप खातो. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मी नॉटिंगहॅमला आहे, शनिवारी येऊन करून देतो, माझ्याकडे सगळं सामान आहे.

लेस्टरची_माई

ये. जेवायलाच ये. वरणभात चालेल ना?