बेघरांसाठीचा पैसा कुठे जावा: निवाऱ्याच्या खाटेवर की भाड्याच्या खोलीवर?

रात्रफेरी

मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांसोबत काम करते. माझं म्हणणं असं: बेघरांसाठी येणाऱ्या पैशातला मोठा वाटा निवाऱ्यातल्या खाटांऐवजी तीन गोष्टींवर खर्च व्हावा. खोलीचं डिपॉझिट, सुरुवातीच्या काही महिन्यांचं भाडं आणि त्या घरी वर्षभर जात-येत राहणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितलं. पुढे 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघर निवारा योजना आली. माणशी 50 चौरस फूट जागा आणि चोवीस तास उघडं दार, असे तिचे निकष. मुंबईच्या 2011 च्या लोकसंख्येला हा हिशोब लावला तर सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे कधीच झाले नाहीत. त्याच जनगणनेत इथे सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले, आणि तेही फेब्रुवारीअखेरच्या एका रात्रीत.

पण उरलेले बांधले तरी कुटुंबं तिकडे जाणार नाहीत. बाप पुरुषांच्या निवाऱ्यात, आई बायकांच्या, आणि मोठा मुलगा तिसरीकडे. हातगाडी, भांडी, शिलाई मशीन कुठे ठेवायचं? फुटपाथवर निदान सगळे एकत्र झोपतात.

आमचं अर्धं काम कागदांचं असतं. पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून बँक नाही, आणि ओळखपत्र नसलेल्याला खोली कोण देणार? मतदार यादीपुरता तरी यावर चांगला नियम आहे. बेघर माणसाने झोपायची जागा अर्जात लिहायची, मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने (बीएलओ) एकाहून जास्त रात्री तिथे जाऊन बघायचं, आणि तो तिथेच झोपतो असं दिसलं की राहत्या जागेचा पुरावा मागायचा नाही. हे कळल्यावर बायकांचे चेहरे बदलतात. अर्ज कसाही भरता येतो हो, पण रात्री त्या अधिकाऱ्यासोबत उभं राहायला कोणीतरी लागतं. त्या माणसाचा पगार कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

दादरकर

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण माझी बाजूही ऐका. माझी आई वॉकर घेऊन चालते. आमच्या गल्लीतला फुटपाथ भरलेला असल्याने तिला बसच्या रस्त्यावर उतरावं लागतं. मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1985 चा निकाल सगळे अर्धाच सांगतात. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं ते खरं. फुटपाथ अडवायचा हक्क कोणालाही नाही आणि रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, हेही त्याच निकालात आहे.

दुसरं, आमच्या ऑफिसातला शिपाई नालासोपाऱ्याहून दोन तास लोकलला लोंबकळत येतो आणि खोलीचं भाडं स्वतः भरतो. त्याला कोणी डिपॉझिट दिलं? फुटपाथवर राहिलं की सरकार भाडं भरतं असं झालं, तर त्याने काय समजायचं?

निवारा_रात्रपाळी

मी एका निवाऱ्यात काळजीवाहक आहे. या चर्चेची मांडणीच मला पटत नाही.

फुटपाथवर फक्त कुटुंबं नाहीत. केटरिंगला जाणारे, नाक्यावर उभे राहणारे एकटे पुरुष आहेत. हॉस्पिटलमधून पाय प्लास्टरमध्ये घेऊन सुटलेला माणूस आहे. टीबीची गोळी रोज न चुकता घ्यायची आहे आणि रात्री पावसात भिजायचं आहे, असा म्हातारा आहे. त्याला अकरा महिन्यांचा करार नको, आज रात्रीची खाट हवी. आधार कार्डावर लिहायला पत्ता हवा असतो, तोही आमच्याकडच्यांना निवाऱ्याचाच मिळतो. खाटेचा पैसा खोलीकडे वळवलात तर पहिला मार याच लोकांवर बसेल. त्यांच्याकडून बोलणारं कोणी नसतं.

कुटुंबं येत नाहीत हे खरं. मग कौटुंबिक निवारे मागा ना! योजनेत त्याची सोय आहे.

आणि खोली देणार कोण? पारधी आहे कळलं की डिपॉझिट हातात असूनही मालक दार लावतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रात्रफेरी

दादरकर काका, आईंना रस्त्यावर उतरावं लागू नये, हे मलाही तितकंच वाटतं. पण गाडी येते, सामान उचलते, आणि सामानासोबत कागदही जातात. आम्ही वर्षभर खपून जमवलेलं रेशनकार्ड कचऱ्यात जातं आणि ते कुटुंब त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा पथारी टाकतं. फुटपाथ मोकळा होतो तो दोन दिवस. शिपाईदादांबद्दल म्हणाल तर त्यांनाही भाड्यात मदत मिळावी, याच्या मी बाजूने आहे. मात्र एक फरक आहे. त्यांना कधीतरी कोणीतरी एकरकमी डिपॉझिट उसनं दिलं असणार: गावाकडचा काका, नाहीतर पतपेढी. आमच्या बायका महिन्याचं भाडं धुणीभांडी करून काढतात. अडतं ते त्या एकरकमी पैशावर आणि जामीन राहणाऱ्या माणसावर.

रात्रपाळीदादा, मालक दार लावतात म्हणूनच तर सोबत जाणारा माणूस मागते आहे. संस्थेच्या नावाने करार झाला की काही मालक तयार होतात.

मानखुर्दची_लेक

मी भायखळ्याच्या फुटपाथवर जन्मले. तुम्ही दोघं भाडं आणि खाट यावरच भांडताय.

आमच्या आयांनी महिला मिलन या फुटपाथवरच्या बायकांच्या बचतगटात रोजचे रुपया-दोन रुपये साठवले. स्पार्क संस्था 1984 साली सुरू झाली, तिच्यासोबत त्यांनी फुटपाथवरची घरं स्वतः मोजली, घर किती फुटांचं हवं ते साड्यांची मापं लावून ठरवलं, आणि सरकारकडे जमीनच मागितली. मिळायला वीस वर्षांहून जास्त लागली. पण मिळाली ती मालकीची. मानखुर्दच्या मिलन नगरातून मला आता कोणी उठवत नाही. तुमचं भाडं बंद झालं, कार्यकर्ता दुसऱ्या संस्थेत गेला, की बाई परत फुटपाथवर. तेव्हा तिची जुनी जागाही दुसऱ्याने घेतलेली असते.

घर मिळालं तरी लांब पडतं, हेही सांगते. आई हार्बरने रे रोडला उतरून जुन्याच घरी कामाला जायची. शेजारणीने प्रवासाला कंटाळून काम सोडलं. आणि माहुल आठवा. तानसा पाइपलाइनजवळची घरं पाडून लोकांना रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकलं. 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कोणाला जबरदस्तीने तिथे पाठवू नका, महिना 15 हजार भाडं द्या. कुठेतरी खोली देऊन उपयोग नाही.

उत्तरेकडून

हेलसिंकीत राहतो, म्हणून फिनलंडचं उदाहरण कोणी देण्याआधी लिहितो. इथे 2008 पासून 'आधी घर' हे धोरण आहे. दारू सोडा, नोकरी मिळवा, मग घर, असा क्रम नाही. आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार, मग बाकीचं, आणि मदतनीस इमारतीतच. जुन्या वसतिगृहांतल्या खाटा काढून तिथे छोटे फ्लॅट केले. रस्त्यावरचे लोक खरोखर कमी झाले.

तरी रात्रफेरींनी याचा आधार घेऊ नये असं मला वाटतं. हेलसिंकीतली बरीचशी जमीन पालिकेची आहे आणि पालिका स्वतः घरं बांधून भाड्याने देते. मुंबईत सरकारी भाड्याची घरं उभी न करता फक्त डिपॉझिट वाटलंत, तर गोवंडीतली भाडी वाढतील. मग त्या शिपायाचंही नुकसान.

दादरकर

या मुद्द्याशी मी सहमत. आणि प्रत्येकाला इथेच खोली का? मनोरुग्ण रस्त्यावर फिरतात, त्यांना कर्जतच्या श्रद्धा संस्थेत डॉ. भरत वाटवानी बरं करून स्वतःच्या घरी पोहोचवतात. त्यासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे मिळाला. बाकीच्यांनाही गावी का पोहोचवू नये?

रात्रफेरी

वाटवानींचं काम फार मोठं आहे, पण ते उपचार आधी करतात आणि घर कुठे ते त्या माणसालाच विचारतात. आमच्याकडच्या कित्येक बायका मार खाऊन घरातून निघाल्या आहेत. त्यांना 'गावी पोहोचवणं' म्हणजे पुन्हा त्याच हातात देणं. ज्यांना परत जायला घरच नाही, त्यांच्यासाठी चेन्नईच्या बॅनियन या मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने साध्या वस्तीत भाड्याची घरं घेतली. चार-पाच जणी एकत्र राहतात, सोबत मदतनीस असते. वर्षानुवर्षं संस्थेत काढलेल्या बायका तिथे बाजारहाट करतात, स्वयंपाक करतात. त्यांना न विचारता कोणी आणून बसवलेलं नाही.

मानखुर्दच्या ताई, जमीन हवीच. पण वीस वर्षं म्हणजे आज पाच वर्षांची असलेली मुलगी पंचविशीची होईपर्यंत फुटपाथवर. मला त्या मधल्या वर्षांचं उत्तर हवंय.

मानखुर्दची_लेक

मधल्या वर्षांसाठी भाडं द्या, मी नाही म्हणत नाही. फक्त करार संस्थेच्या नावाने नको, बाईच्या नावाने करा. संस्था गेली तरी कागद तिच्याकडे राहील.

निवारा_रात्रपाळी

आणि पैसा वेगळ्या खात्यातून आणा. आमच्या खाटांना हात लावू नका. यावर मी हटणार नाही.