सोसायटी ग्रुप: पुन्हा तोच ठेकेदार!

कुलकर्णी वहिनी, ए-२०३: मागच्या गल्लीत ड्रेनेजचं खोदकाम सुरू झालंय. बोर्ड वाचा. मागच्या पावसाळ्यात ज्याचा रस्ता खचला, तोच ठेकेदार! ह्यांना कामं मिळतात तरी कशी?

रोहित, सी-६०२: चिरीमिरी. विषय संपला.

जोशी काका, बी-१०१: इतकं सोपं नाही रे. माझी सगळी नोकरी टेंडरच्या फायलींत गेली. खातात, नाही म्हणत नाही. पण कुणी पैसा खाल्ला नाही तरी हेच होतं. दक्षता आयोगाचे २००२ चे निकष बघ. गेल्या सात वर्षांत तसलंच काम पूर्ण केलेलं हवं, आणि एकच दाखवायचं तर अंदाजपत्रकाच्या ८० टक्के रकमेचं. नवा माणूस दारातच अडतो.

कुलकर्णी वहिनी: पण ह्याचं काम तर फसलंय ना?

जोशी काका: कागदावर कुठे फसलंय? काम पूर्ण झाल्याचा दाखला देतं कोण? ज्यांनी देखरेख केली तेच ऑफिस. ‘काम निकृष्ट’ लिहिलं की पहिला प्रश्न साहेबालाच, मग बिलं कशी पास केलीत? त्यापेक्षा ‘समाधानकारक’ लिहून मोकळे. पुढच्या टेंडरला तोच दाखला जोडायचा, दर सगळ्यात खाली टाकायचा, की झाला एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, काम त्यालाच.

रोहित: ब्लॅकलिस्ट करा की मग!

ॲड. शेख, डी-४०४: करता येतं. पण काळ्या यादीत टाकणार हे नोटिशीतच स्पष्ट हवं, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा गोरखा सिक्युरिटीचा निकाल आहे. मोघम नोटीस कोर्टात टिकत नाही. आणि बंदी कायमची नसतेच. केंद्राच्या नियमांत सचोटीचा भंग केला तरी जास्तीत जास्त दोन वर्षं. तोवर मेव्हण्याच्या नावाने दुसरी फर्म.

नेहा, ए-५०३: ब्रिटनमध्येही तेच. फुजित्सू कंपनीच्या होरायझन ह्या पोस्टाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने नसलेली तूट दाखवली, त्यामुळे ९०० हून जास्त पोस्टचालक विनाकारण दोषी ठरले. तरी कंपनीला सरकारी कामं मिळतच राहिली. २०२४ मध्ये बोंब झाल्यावर कंपनीच म्हणाली, तूर्त नवी टेंडरं भरत नाही. आयटीत एकदा सिस्टीम बसली की ती उपटायची हिंमत कुणाला होत नाही.

देशमुख, सेक्रेटरी: आपण काय करायचं ते बोला.

जोशी काका: माहिती अधिकारात खचलेल्या रस्त्याचा दाखला मागू, दोषदायित्व कालावधी कधी संपतो तेही विचारू. मुदत उरली असेल तर त्याला स्वखर्चाने दुरुस्त करावा लागेल. मसुदा मी लिहितो.

ॲड. शेख: काका, एकच विषय आणि १५० शब्दांत. महाराष्ट्राचा नियम आहे.

रोहित: काका आणि १५० शब्द? 😂