ग्रॅमीच्या यादीत दरवर्षी तीच ती नावं का?

गंगापूर रोडकर, नाशिक: मोठ्या गटांत नेहमीचेच चेहरे आणि आपली सतार, आफ्रिकेतलं अफ्रोबीट संगीत, अरबी ऊद हे तंतुवाद्य, सगळं 'ग्लोबल'च्या एकाच टोपलीत कोंबलेलं! निवडतं तरी कोण?

पंचवटीकर: घोळ मतदानात आहे. ग्रॅमी देणाऱ्या अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीचा सदस्य सहा सर्वसाधारण गटांत (वर्षातलं गाणं, अल्बम वगैरे) मत देतो. बाकीच्यांत फार तर 10, तेही संगीताच्या तीनच क्षेत्रांतले. एवढ्या एंट्र्या ऐकणार कोण? ओळखीच्या नावावर शिक्का पडतो. 2021 मध्ये बहुतेक गटांच्या नामांकनं छाननाऱ्या समित्याही रद्द केल्या. तारखाही बघा: 2025च्या सोहळ्याला 16 सप्टेंबर 2023 ते 30 ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध झालेलंच संगीत चाललं. त्यानंतर दिवाळीत आलेला अल्बम थेट पुढच्या खेपेला.

नाशिकरोडवाला: शिवाय एंट्री सदस्य किंवा नोंदणीकृत कंपनीच टाकते. अल्बममध्ये 75 टक्क्यांहून जास्त ध्वनिमुद्रण नवं लागतं, त्यामुळे आधी निघालेल्या मैफलींचं संकलन तिथंच अडकतं. पण गट नीट निवडला तर टोपलीबाहेर पडता येतं. तबलावादक झाकीरभाईंच्या (झाकीर हुसेन) 2024 मधल्या तीन ग्रॅमींपैकी 'ॲज वी स्पीक' या अल्बमची समकालीन वाद्यसंगीतात होती. राकेश चौरसियांची बासरी ऐका त्यात, काय सुरेल लागलीय!