अबॅकस: डोकं चालतं की नुसती बोटं?

हातचा_एक
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं: "माझा ७ वर्षांचा मुलगा डोळे मिटून दहा संख्यांची बेरीज करतो. मुलांच्या मेंदूची उजवी बाजू जागी व्हावी असं वाटत असेल तर अबॅकस लावाच. न लावणाऱ्यांनी नंतर रडू नये." तिथे उत्तर द्यायला बसले, ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते.

न लावणाऱ्यांनी रडू नये म्हणे. मी लावला, म्हणजे तारांवरचे मणी सरकवून हिशेब शिकवणारा हा क्लास, चांगली दोन वर्षं, आणि रडायची पाळी माझ्यावर आली. मुलगा ९ वर्षांचा आहे. ४८ अधिक ३७ विचारा, मनातल्या मण्यांवर हवेत बोटं वळवळतात आणि ८५ हजर. पाहुण्यांसमोर करून दाखवायला फार छान. परवा सहज विचारलं, ४८ पेन्सिली ६ मुलांना सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती? तर म्हणतो, "आई, प्लस करू की मायनस?"

मग ९९ अधिक ९९ विचारलं. पुन्हा बोटं सुरू. उत्तर बरोबर आलं. म्हटलं, अरे, दोनशेतून दोन काढले की झालं, मणी कशाला? तर माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी कॉपी करायला शिकवतेय.

४ मिळवायचे असतील तर ५ टाकून १ काढायचा, ही 'छोट्या मित्रांची' सूत्रं त्याला झोपेतून उठवून विचारली तरी येतात. का तसं करायचं, तर टीचरनी सांगितलं म्हणून. खाली एकेकाचे चारच मणी, वर पाचाचा एक. खाली जागा उरली नाही की वरचा ओढायचा आणि जास्तीचे परत करायचे. एवढी साधी गोष्ट त्याला दोन वर्षांनी मी सांगितली. हे गणित की हातचलाखी?

मणीमाळ
मी अबॅकस शिकवते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी शोध लावायला नको.

तुमच्या मुलाला भागाकार कधी वापरायचा ते कळत नाही, यात मण्यांचा काय दोष? पोहायला घातलेल्या मुलाला सायकल येत नाही म्हणून तलावाला शिव्या घालाल का? आणि पुरावा हवा असेल तर आहे. वडोदऱ्यात २०० च्या आसपास शाळकरी मुलांवर ३ वर्षं प्रयोग झाला. डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कुठल्या गटात ते सोडत काढून ठरवलेलं. एका गटाला अबॅकस, दुसऱ्याला तेवढाच जादा वेळ नेहमीचं गणित. अंकगणितात अबॅकसवाले पुढे गेले. आता बोला.

तिरपागडा
बोलतो. तोच निबंध पुढे वाचा. त्याच मुलांच्या मूळ बौद्धिक क्षमतांमध्ये, म्हणजे स्मरणशक्ती वगैरेंमध्ये, अबॅकसमुळे काही फरक पडला नाही. शिवाय ज्यांची जागा-आकार डोक्यात धरून ठेवायची ताकद मुळात चांगली होती, त्यांनाच जास्त फायदा झाला. आता तुमच्या क्लासच्या पत्रकावर काय लिहिलंय ते सांगा. 'एकाग्रता, स्मरणशक्ती, आत्मविश्वास, सर्वांगीण मेंदूविकास' यातलं एखादं तरी गाळलंय का?

जपानमध्ये हातानो आणि ओसावा यांनी १९८३ मध्येच अबॅकसच्या उस्तादांना तपासलं होतं. अंकांची लांबलचक मालिका ऐकून धडाधडा म्हणून दाखवायचे. अंकांऐवजी अक्षरं किंवा फळांची नावं दिली की तुमच्या-माझ्यासारखेच. मणी लक्षात राहतात, बाजाराची यादी नाही. मेंदूची उजवी बाजू तेवढी पत्रक छापणाऱ्यांची जागी झालेली दिसते.

मणीमाळ
पत्रक मी छापत नाही, वरून छापून येतं. 'सर्वांगीण' मलाही खटकतं, हे एवढं कबूल. पण तुम्ही ज्याला 'फक्त अंकगणित' म्हणता ना, तेवढ्यासाठीच बहुतेक आईबाप येतात. बेरजेला घाबरणारं पोर वर्षभरात फळ्याकडे स्वतःहून जातं, हे मी डोळ्यांनी बघते. तुमच्या निबंधात ते नसेल.

निवृत्त_मास्तर
१२ नोव्हेंबर १९४६, टोकियो. एका बाजूला किरकोळ लाकडी सोरोबान, म्हणजे जपानी अबॅकस, घेऊन कियोशी मात्सुझाकी नावाचा जपानी कारकून, दुसऱ्या बाजूला विजेवर चालणारं गणकयंत्र घेऊन थॉमस वुड हा अमेरिकी सैनिक. सोरोबान ४-१ ने जिंकला. यंत्राला एकटा गुणाकार तेवढा मिळाला. पुढच्या पिढीने यंत्राची कास धरली आणि आज पदवीधर माणसाला सुटे पैसे मोजायला मोबाइल लागतो. आम्ही पाढे पाठ करून घेत होतो तेव्हा 'घोकंपट्टी, घोकंपट्टी' म्हणून कोण बोंबललं होतं? आता त्याच घोकंपट्टीला मणी लावले की फी भरून जाता.

तिरपागडा
मास्तर, ४-१ सांगितलंत, आता फाइनमनची गोष्टही ऐका. ब्राझीलमधल्या उपाहारगृहात अबॅकस विकणाऱ्या एका जपानी माणसाने या भौतिकशास्त्रज्ञाशी पैज लावली. बेरजेत फाइनमनला धूळ चारली. मग जोशात येऊन घनमूळ काढायचं ठरलं, संख्या निघाली १७२९.०३. फाइनमनला ठाऊक होतं की १२ चा घन १७२८. वरचं १.०३ किती थोडं आहे ते बघून त्याने १२.००२ अंदाजाने लिहिलं आणि तो माणूस घाम गाळत बसला. त्या बिचाऱ्याला मणी ठाऊक होते, संख्यांशी ओळख नव्हती. धागाकर्तीच्या ९९ अधिक ९९ मध्ये नेमकं हेच झालंय.

निवृत्त_मास्तर
घनमूळ काढायला किती मुलं क्लासला येतात हो?

डावखुरी
वेगळा मुद्दा आहे, पण मला बोलायचंच आहे. माझी मुलगी डावरी. पहिल्याच दिवशी "मणी उजव्या हातानेच" असं सांगितलं. अंगठ्याने खालचे वर, तर्जनीने खाली, आणि डाव्या हाताने फ्रेम धरायची. तीन महिने रडली. शेवटी तिने डाव्या हाताने पेन्सिल आणि उजव्याने मणी असं स्वतःच बसवलं. मग कळलं की बाकीची मुलं दर वेळी पेन्सिल बोटांत अडकवून मणी हलवतात, हिचे दोन्ही हात मोकळे! पण ते तीन महिने मला कुणी परत देणार आहे का? क्लासचं नाव घेत नाही.

खडूफळा
खरी अडचण कुणी बोलतच नाहीये. आमची मुलगी मराठी शाळेत आहे. क्लासमध्ये डिक्टेशन सगळं इंग्रजीतून. मी म्हटलं, घरी मराठीत सराव घेऊ. मी म्हणते "सत्तावन्न". तिच्या कानावर आधी सात येतात, हात एककाच्या तारेवर जातो, मग पन्नास ऐकून दशकावर धावतो. तोपर्यंत मी "अडतीस" म्हटलेलं असतं. जपानी मूल ऐकतं 'पाच दहा सात', त्याच क्रमाने डावीकडून मणी टाकतं आणि मोकळं होतं. आपले आकडे अबॅकसला उलटे आहेत. पन्नास-सात म्हणायला काय हरकत आहे?

निवृत्त_मास्तर
झालं! आता एका लाकडी फ्रेमसाठी भाषा मोडा. उद्या मुलांना जोडाक्षरं जड जातात म्हणून तीही काढा.

खडूफळा
मास्तर, भाषा मोडा असं मी कुठे म्हटलं? तुम्ही वाचता तरी का पूर्ण? एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट ठीक आहे. पण पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी यात सहा वर्षांचं पोर दहादा गोंधळतं, ते तुम्ही वर्गात छडी घेऊन पाठ करून घेतलंत म्हणून सोपं वाटतं तुम्हाला.

निवृत्त_मास्तर
छडी मी आयुष्यात उचलली नाही. शब्द मागे घ्या.

खडूफळा
छडी मागे घेतली. पंच्याऐंशी नाही घेत.

तिरपागडा
जर्मनही 'सात आणि पन्नास' असंच म्हणतात. फ्रेंच माणूस ९७ ला 'चार-वीस-दहा-सात' म्हणतो. तिथे गणिती पैदा व्हायचे थांबलेले नाहीत.

खडूफळा
गणिती होतात हो. मी दुसरीतल्या पोराबद्दल बोलतेय. तुमचं प्रत्येक उत्तर थेट फाइनमनच्या पंगतीतच का बसतं?

निवृत्त_मास्तर
आता शांतपणे लिहितो. कागदावरची बेरीज आपण एककापासून करतो. सत्तावन्न अधिक अडतीस: सात आणि आठ पंधरा, हातचा एक. तोंडात जे आधी येतं तेच आधी मिळवायचं, म्हणजे कागदासाठी आपले आकडे सुलटेच आहेत. उलटा आहे तो अबॅकस, डावीकडून चालणारा. आणि एकोणसाठचं काय? 'एकोण' म्हणजेच एक कमी. साठ टाका, एक काढा. मणीमाळबाई, तुमचे ते मोठे मित्र का कोण, ९ मिळवायचे तर १० टाकून १ काढा, ते दुसरं काय सांगतात? भाषेने ते तुमच्या आधीच शिकवून ठेवलंय.

मणीमाळ
हे मात्र मी वर्गात चोरणार. तुमचं नाव न सांगता.

खडूफळा
एकोणसाठ मान्य. सत्तावन्नवरचं माझं मत तेच आहे.

डावखुरी
डाव्या हाताबद्दल कुणीच काही बोललं नाही. नेहमीप्रमाणे.

मणीमाळ
@डावखुरी, बोलते. तुमच्या मुलीने जे बसवलं तेच मी डावऱ्या मुलांना शिकवते. हात कुठलाही चालतो, फक्त फ्रेम फिरवायची नाही, नाहीतर एकक-दशकाच्या जागा उलटतात. तीन महिने कुणी सांगितलं नाही ही आमच्या धंद्याची चूक आहे. उजव्याच हाताचा हट्ट करणाऱ्या शिक्षिका असतात, कारण त्यांच्या प्रशिक्षणात तसं दाखवलेलं असतं.

तिरपागडा
धंदा म्हणालात, त्याबद्दल एक गुण. हातचा_एक, तुम्ही क्लास बंद करताय की नाही ते सांगा.

हातचा_एक
पुढच्या लेव्हलचं अजून ठरलं नाही. टाइमर लावून घरी सराव घेणं मात्र कालपासून बंद केलंय, आणि आश्चर्य म्हणजे काल तो आपणहून फ्रेम घेऊन बसला. हे मणीमाळताईंच्या बाजूने मोजायचं असेल तर मोजा, मी आनंदाने देत नाहीये.

मास्तरांचं 'एकोण' काल घरी करून बघितलं. मुद्दाम मराठीत विचारलं, एकोणसाठ अधिक एकोणसाठ? बोटं उचलली, मग खाली ठेवली. "साठ साठ एकशेवीस... दोन गेले... एकशे अठरा." दोन वर्षांत पहिल्यांदा बोटं न हलवता. मी उड्याच मारायच्या बाकी होते. मग एकोणतीस, एकोणनव्वद, सगळं झालं. शेवटी परत ९९ अधिक ९९ वर आणलं. तो म्हणाला, "आई, याला एकोणशंभर का नाही म्हणत?"

निवृत्त_मास्तर
चाळीस वर्षं वर्गात उभा होतो, एका पोराने विचारलं नाही हे. नव्व्याण्णव म्हणतात खरं. बघून सांगतो.

खडूफळा
खिक्.