मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात लाँगजिंग चहा काळवंडतो

चहा सुटा लाँगजिंग, म्हणजे चीनमधल्या हांगचौ भागातला हिरवा चहा, कढईत भाजलेला, चपट्या पानांचा. प्रमाण: ३ ग्रॅम पान, १५० मिली पाणी, ८० अंश, २ मिनिटं, झाकण नाही. पाणी उकळून थंड करत ८० वर आणलेलं, थर्मामीटर लावून.

जळगावच्या बोअरच्या पाण्यात (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७०० च्या आसपास) रंग मातकट पिवळा येतो. वर पातळ साय धरते, चमच्याने हलवली की तिचे तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटतात. भाजलेल्या ओल्या हरभऱ्यासारखा जो वास यायला हवा, तो येतच नाही. तेच पान, तेच तापमान आणि आरओचं पाणी (टीडीएस ३०) घेतलं तर रंग स्वच्छ, फिकट हिरवा-पिवळा, साय अजिबात नाही. पण चव पोकळ, घोट गिळला की जिभेवर काही उरत नाही. म्हणजे पान आणि तापमान दोन्ही ठीक, दोष पाण्यातल्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेटचा.

बोअरचं पाणी १० मिनिटं उकळून, पांढरा साका खाली बसल्यावर वरचं निथळून घेतलं की साय बरीच कमी होते. पाण्याच्या कठीणपणाचा काही भाग मात्र उकळून जात नाही, तो राहतोच.

भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे कोणी आरओ आणि निथळलेलं बोअरचं पाणी मिसळून हिरवा चहा करतं का? प्रमाण काय ठेवता, ३:१ की ४:१? मिसळल्यावर टीडीएस किती येतो तेही लिहा. तापी किंवा गिरणेचं नळाचं पाणी वापरून पाहिलं असेल तर ते आधी सांगा, ते सगळ्यात सोपं पडेल.